खड्डा कुठे थांबवायचा?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

मागच्या अंकात उघड्या खाणींच्या आखणीत गणिती पद्धती कशा वापरतात यावर लेख होता. खाणीतल्या खडकाचे लाखो ब्लॉक कल्पायचे आणि त्यांतले कोणते काढायचे, कोणत्या वर्षी काढायचे हे संगणकाकडून ठरवून घ्यायचे, एवढाच त्याचा गाभा. त्यावर आलेल्या पत्रांत प्रत्यक्ष खाणीत काम करणाऱ्यांची पत्रे बरीच आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्रच उत्तर दिले आहे.

ब्लॉकला ‘किंमत’ देतात म्हणजे काय? ती काढतात कशी?
– एक विद्यार्थी, नागपूर

आकडे घेऊनच पाहू. तांब्याची खाण धरा. १० मीटरचा घन म्हणजे १,००० घनमीटर. खडकाची घनता २.७, म्हणून वजन २,७०० टन. ग्रेड (खडकातले धातूचे प्रमाण) ०.६ टक्के असेल तर त्यात १६.२ टन तांबे. प्लँटमध्ये त्यातले ८८ टक्के हाती लागते असे धरले तर १४.२६ टन. वितळवणे, वाहतूक, विक्री यांचा खर्च वजा जाता टनामागे ६ लाख रुपये मिळतात असे माना (हा आणि पुढचे दर केवळ उदाहरणाचे). उत्पन्न झाले ८५.५ लाख. दळण आणि प्लवन (फेसाने धातूचे कण वेगळे करणे) यांचा खर्च टनाला १,२०० रुपये, म्हणजे ३२.४ लाख. ड्रिलिंग, ब्लास्टिंग, भरणे, वाहणे टनाला २०० रुपये, म्हणजे ५.४ लाख. ब्लॉकची किंमत ४७.७ लाख. तोच ब्लॉक निव्वळ दगडाचा असता तर उणे ५.४ लाख.

चुका होतात त्या मधल्या ब्लॉकांत. ०.२५ टक्के ग्रेडचा ब्लॉक घ्या. उत्पन्न ३५.६ लाख, प्लँटचा खर्च ३२.४ लाख, खोदाई ५.४ लाख, बेरीज उणे २.२ लाख. ‘तोट्यातला आहे, डम्पवर (टाकाऊ दगडाच्या ढिगावर) टाका’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पण डम्पवर टाकला तर तोटा ५.४ लाख होतो! खड्ड्यातून तो बाहेर काढावा लागणारच असेल तर खोदाईचा खर्च दोन्हीकडे सारखाच. प्रश्न फक्त डंपर वर आल्यावर कुठे वळवायचा एवढाच उरतो. म्हणून इथला कट-ऑफ (प्लँटला पाठवण्याजोगी किमान ग्रेड) १,२०० भागिले (०.८८ × ६ लाख), म्हणजे ०.२३ टक्के. खोदाईचे २०० रुपये त्यात मिळवले की तो ०.२७ होतो, आणि या दोहोंमधला सगळा माल उगाच दगडात जातो. अर्थात प्लँटला तेवढी जागा हवी. प्लँट तुडुंब भरलेला असेल तर हा माल वेगळ्या साठ्यावर ठेवावा लागतो. सुरुवातीच्या वर्षांत कट-ऑफ मुद्दाम वर ठेवणे तेव्हा फायद्याचे ठरते.

आणखी दोन गोष्टी. आधीच खर्च झालेले भांडवल ब्लॉकच्या किमतीत धरायचे नाही. उलट, खाण बंद केली की जे खर्च थांबतील (कार्यालय, कॅम्प, कायम पगार) ते धरायचे. प्लँटच्या क्षमतेवर सगळे अडत असेल तर वर्षाचा आकडा प्लँटच्या वार्षिक टनांनी भागून प्रक्रियेच्या खर्चात मिळवायचा. आणि खोदाईचा दर सगळीकडे एकच ठेवायचा नाही. प्रत्येक बेंच (खोदाईची पायरी) खाली गेलो की डंपरची फेरी लांबते, तेवढी वाढ दरात यायलाच हवी; नाहीतर संगणक खुशाल खोल जातो.

आमच्याकडच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये ‘फ्लोटिंग कोन’ आहे. नवा घेण्याची गरज आहे का?
– एक वाचक, भंडारा

फ्लोटिंग कोन एकेक ओर ब्लॉक (प्लँटला जाण्याजोग्या मालाचा) घेतो, त्याच्या डोक्यावर उताराच्या कोनात बसणारा उलटा शंकू कल्पतो आणि बेरीज अधिक आली तर तो शंकू काढून टाकतो. कागदावर करून पाहा. वरच्या थरात दगडाचे पाच ब्लॉक शेजारी शेजारी, प्रत्येकाची किंमत उणे ४. खालच्या थरात दुसऱ्या आणि चौथ्या ब्लॉकच्या बरोबर खाली एकेक ओर ब्लॉक, किंमत ११. उतार ४५ अंश, म्हणजे खालचा एक काढायला वरचे तीन काढायचे. पहिल्या ओर ब्लॉकचा हिशेब: ११ वजा १२, उणे १. दुसऱ्याचाही उणे १. फ्लोटिंग कोन दोन्ही नाकारतो आणि ‘इथे खाण नाही’ म्हणतो. पण दोन्ही एकत्र काढले तर वरचा तिसरा ब्लॉक दोघांत सामाईक. काढायचे पाचच, खर्च २०, उत्पन्न २२, नफा २.

उलटी चूकही होते. वरचा चांगला ओर खालच्या कमकुवत ओरचा तोटा झाकतो आणि शंकू गरजेपेक्षा खोल जातो. कोणत्या क्रमाने शंकू तपासले यावर उत्तर बदलते. ज्या पद्धतीचे उत्तर क्रमावर अवलंबून आहे तिच्यावर खाणीची हद्द ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत.

याचा नेमका इलाज १९६५ मध्ये लेर्च आणि ग्रॉसमन यांनी दिला. त्यानंतर १९७६ मध्ये पिकार यांनी हाच प्रश्न जाळ्यातल्या कमाल प्रवाहाचा आहे हे दाखवले. वरच्याच उदाहरणात ते डोळ्यांनी दिसते. एक उगम घ्या; त्यापासून प्रत्येक ओर ब्लॉकला ११ क्षमतेची नळी. प्रत्येक दगडापासून शेवटच्या टाकीत ४ क्षमतेची नळी. ओरपासून त्याच्या डोक्यावरच्या तीन दगडांना अमर्याद क्षमतेच्या नळ्या. आता जास्तीत जास्त किती वाहते? पहिला ओर पहिल्या आणि दुसऱ्या दगडाला ४-४ आणि तिसऱ्याला ३ देऊन संपतो. दुसरा तिसऱ्याला उरलेला १, चौथ्या-पाचव्याला ४-४, असे ९ देतो. एकूण २०. उगमाकडे वापराविना राहिले २, तोच खड्ड्याचा नफा. ज्या ओरने सगळ्या दगडांचा खर्च भागवून शिल्लक राखली तिथून पोहोचता येणारे सगळे ब्लॉक खड्ड्यात. आजची बहुतेक सॉफ्टवेअर हॉकबाउम यांची स्यूडोफ्लो पद्धत वापरतात. उत्तर तेच येते, फक्त लाखो ब्लॉकांवरही वेळ फार कमी लागतो. तेव्हा बदला. हद्दीचा प्रश्न आता तंतोतंत सुटतो. तिथे अंदाजाला जागाच नाही.

मी पायथनमध्ये हे स्वतः करून पाहतो आहे. उत्तर येते, पण खड्ड्याची एक बाजू सरळ उभी दिसते आणि नफा अवास्तव मोठा. कुठे चुकत असेन?
– एक डिप्लोमा विद्यार्थी, चंद्रपूर

एक बाजू उभी दिसते म्हणजे खड्डा मॉडेलच्या कडेला टेकला आहे. कडेबाहेरचे ब्लॉक अस्तित्वातच नाहीत, म्हणून ते आधी काढायची अटही लागत नाही, आणि संगणक फुकटात उभी भिंत उतरवतो. ओरपासून चारही बाजूंना किमान खड्ड्याच्या खोलीइतका दगड मॉडेलमध्ये ठेवा.

जमिनीच्या वरचे हवेचे ब्लॉक तपासा. त्यांची किंमत शून्य हवी. घनता २.७ राहून गेली तर तुम्ही हवा खोदण्याचे पैसे मोजता आणि खड्डा आक्रसतो. टेकडीवरच्या खाणीत हा घोळ मोठा होतो.

उताराचे जोडकाम नीट पाहा. घनाकृती ब्लॉकांत खालच्या एकासाठी वरचे पाच (बरोबर वरचा आणि चार बाजूंचे) घेतले तर बाजूंच्या दिशेने ४५ अंश मिळतात, पण कर्णाच्या दिशेने सुमारे ५५. नऊ घेतले तर बाजूंना ४५ आणि कर्णावर ३५. एक थर पाच, एक थर नऊ असे आलटून पालटून घेतले की बरेच जमते. ब्लॉक २० × २० × १० मीटरचा असेल तर नऊच्या नमुन्याने बाजूचा उतार जेमतेम २६.६ अंश येतो, हे विसरून ‘४५ दिले आहेत’ असे समजणारे खूप. खरे म्हणजे प्रत्येक दिशेचा कोन भू-तंत्रज्ञाकडून घ्यावा आणि पाच-सहा थर वरपर्यंत जोडण्या काढाव्यात.

आता प्रोग्रॅमचे. ओआर-टूल्स या लायब्ररीच्या कमाल प्रवाहात क्षमता पूर्णांक लागतात. किमती लाखांत न ठेवता रुपयांत ठेवा. ‘अमर्याद’ म्हणून भलताच मोठा आकडा टाकू नका, बेरीज ओसंडते. सर्व अधिक किमतींच्या बेरजेहून एक जास्त एवढे पुरते. नेटवर्कएक्स ही लायब्ररी शिकायला छान, पण लाख ब्लॉकांवर ते दमते. आणि स्वतःच्या मॉडेलवर जाण्याआधी मिनलिब या मुक्त संग्रहातले न्यूमन-१ सोडवा. त्यात १,०६० ब्लॉक आहेत आणि उत्तर जाहीर आहे, म्हणजे चूक तुमच्या प्रोग्रॅमची की मॉडेलची हे लगेच कळते.

ऑप्टिमायझरचा शेल आणि प्रत्यक्ष डिझाइन केलेला खड्डा यांत नेहमी मोठी तफावत पडते. डिझाइनरचा दोष की पद्धतीचा?
– एक खाण-अभियंता, पुणे

बहुतेक वेळा रस्त्याचा. शेल म्हणजे संगणकाने ठरवलेला खड्ड्याचा आकार; रस्ता त्यात धरलेला नसतो. भिंत १०० मीटर उंच आणि बेंचांसह कोन ५० अंश असेल तर माथा तळापासून ८४ मीटर मागे. त्या भिंतीत २५ मीटर रुंदीचा हॉलरोड एकदा आला की अंतर १०९ मीटर, एकूण कोन ४२.६ अंश. रस्ता वळून त्याच भिंतीत दुसऱ्यांदा आला की ३६.८. आणि तो येतोच: १:१६ चा उतार धरला तर १०० मीटर खाली उतरायला १,६०० मीटर लांबीचा रस्ता लागतो, तेवढा परीघ लहान खड्ड्याला नसतो. ऑप्टिमायझरला ५० अंश दिले असतील तर डिझाइनमध्ये एकतर दगड वाढणार किंवा तळाचा ओर सुटणार.

मार्ग असा. पहिला रन भिंतीच्या कोनावर करा. शेल हाती आला की रस्ता कोणत्या भिंतीतून उतरेल हे साधारण ठरवा. शक्यतो फूटवॉलच्या (ओरच्या खालच्या बाजूच्या खडकाच्या) बाजूने. त्या दिशेचा कोन कमी करून पुन्हा रन घ्या. दोन-तीन फेऱ्यांत शेल आणि डिझाइन जवळ येतात.

दुसरे कारण तळाची रुंदी. शेल खाली टोकदार होत जातो. शेवटचे दोन-तीन थर एका ब्लॉकच्या रुंदीचे असतात. तिथे शॉवेल उभा राहील, पण डंपर वळणार कुठे? तेवढे थर सोडूनच आकडे सांगावेत. पुशबॅकचेही (खड्डा ज्या टप्प्यांनी रुंदावत नेतात त्यांचेही) तसेच. धातूची विक्री किंमत ०.३ पटीपासून १ पटीपर्यंत थोडी थोडी वाढवत एकात एक बसणारे शेल काढतात आणि त्यांतून टप्पे निवडतात. लागोपाठच्या दोन शेलांत कुठे दहा मीटरची चकती उरते, कुठे एकदम दोनशे मीटरची उडी. चकती खोदता येत नाही. उडीमुळे एका वर्षात डोंगराएवढा दगड अंगावर येतो. इथे माणसालाच रेषा हलवाव्या लागतात. १ पटीचा शेल अंतिम समजण्याचीही घाई नको. त्याच्या सर्वात बाहेरच्या कातळात दगड आज काढायचा आणि ओर बऱ्याच वर्षांनी मिळायचा असतो. दहा टक्के व्याजदराने दहा वर्षांनंतरचा रुपया आज साडेअडतीस पैशांचा. म्हणून व्याज धरून सर्वोत्तम ठरणारा खड्डा बहुधा त्याहून लहान निघतो.

कोळशाच्या ओपनकास्टला हे लागू होते का? आमच्याकडे सगळे स्ट्रिपिंग रेशोवर चालते.
– एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

हद्दीपुरते लागू होते, पण तिथे त्याचा उपयोग मर्यादित आहे. कोळशाचा थर सलग असतो, ग्रेड हळूहळू बदलते. टनाला किती घनमीटर ओबी (कोळशावरचे दगड-माती) परवडतो, म्हणजेच स्ट्रिपिंग रेशो, हे एकदा ठरले की उतरत्या थरावर हद्द कुठे येते हे सेक्शनवरही (उभ्या छेदाच्या नकाशावर) बऱ्यापैकी कळते. गंमत ओबी कुठे टाकायचा यात आहे. तळाचा कोळसा निघाला की त्या मोकळ्या जागेत आतला डम्प सुरू करता येतो आणि वाहतुकीचा खर्च उतरतो. म्हणजे आज काढलेल्या ओबीचा खर्च, काल कुठला तळ मोकळा केला यावर अवलंबून. ब्लॉकची किंमत आधीच ठरलेली असते या गृहीतावर उभी असलेली लेर्च-ग्रॉसमन पद्धत इथे अडखळते. हद्द तिच्याकडून घ्या; क्रम आणि डम्प यांचा हिशेब वेगळ्या पूर्णांकी प्रोग्रॅममध्ये एकत्र मांडा, त्यात कोळशाचा फेस (खोदाई चालू असलेली भिंत) आणि आतल्या डम्पचा पायथा यांतले किमान अंतर ही अट घाला.

वर्धा खोऱ्यात तीन गोष्टी मॉडेलमध्ये हमखास राहून जातात. एक, वरची काळी माती आणि तिच्याखालचा सैल थर. यांना खालच्या वालुकाश्माचा कोन देऊन चालत नाही, पावसाळ्यात त्या बेंच बसतात. दोन, कामठी वालुकाश्मातले पाणी. तीन, जुन्या भूमिगत खाणींच्या गॅलऱ्या. बोर्ड-अँड-पिलरने (मध्ये कोळशाचे खांब ठेवून) आधीच काम झालेल्या थरात पूर्ण जाडीचा कोळसा धरला तर टन फुगतात. शिवाय उघडे पडलेले पिलर आपोआप तापून पेटू शकतात. म्हणून त्या भागात ‘उघडल्यापासून इतक्या महिन्यांत काढलाच पाहिजे’ अशी वेळेची अट द्यावी लागते. हद्दीच्या गणिताला वेळ ही गोष्टच ठाऊक नाही.

गोव्यातल्या लोखंडाच्या खाणपट्ट्यांना अशा आखणीचा काय फायदा?
– एक वाचक, डिचोली

फायदा आहे, पण आधी दोन बंधने मॉडेलमध्ये घाला. पहिले, पट्ट्याच्या हद्दीपासून साडेसात मीटर सोडायचे. शेजारच्यानेही तेवढेच सोडले की मध्ये १५ मीटरची पट्टी आणि दोन्हीकडे उतरत्या भिंती. खोली ८० मीटर आणि उतार ४५ अंश धरा: दोन त्रिकोण मिळून ६,४०० चौरस मीटर, पट्टी १,२००, एकूण ७,६००. हद्दीच्या दर ५०० मीटरला ३८ लाख घनमीटर ओर-दगड अडकून पडतो. शेजारी-शेजारी लहान पट्टे आणि त्यांच्या आरपार जाणारा ओर ही गोव्याची नेहमीची स्थिती, म्हणून दोन्ही पट्ट्यांचे एकत्र मॉडेल करून अडकलेला आकडा काढावा. मधला भाग काढण्याच्या परवानगीसाठी बोलणी करताना तो हाताशी असलेला बरा.

दुसरे, डम्प. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१४ च्या निकालाने पट्ट्याबाहेर डम्प टाकण्याला मनाई केली. म्हणजे डम्पची जागा त्याच सीमेत, आणि ती ओरवर असेल तर तो ओर गाडला जातो किंवा डम्प पुन्हा हलवावा लागतो. डम्पच्या जागेची क्षमता न देता काढलेला शेल गोव्यात कागदावरच राहतो.

आता एआय आल्यावर हे जुने गणित कशाला? जेनेटिक अल्गोरिदमने एकदम सगळे सोडवता येत नाही का?
– एक मराठी वाचक, पर्थ

हद्दीसाठी अजिबात नको. जो प्रश्न मिनिटांत तंतोतंत सुटतो त्यावर अंदाजी शोध चालवणे हा वेळेचा अपव्यय, मग त्याला नाव काहीही द्या.

वेळापत्रकाचे वेगळे. मिनलिबमधल्या मार्विन या नमुन्यात ५३,२७१ ब्लॉक आहेत. २० वर्षे धरली की दहा लाखांवर हो-नाही चल होतात. इथे मांडणीला फार महत्त्व. ‘ब्लॉक अमुक वर्षी काढला’ असा चल घेण्याऐवजी ‘अमुक वर्षापर्यंत काढून झाला’ असा घेतला की अटी सुटसुटीत होतात. खोदाई आणि प्लँट यांच्या वार्षिक क्षमतेच्या अटी दंड लावून बाजूला काढल्या तर आत पुन्हा तोच कमाल प्रवाहाचा प्रश्न उरतो. २०१० च्या सुमारास बिएनस्टॉक आणि झुकरबर्ग यांनी याच रचनेचा फायदा घेऊन मोठ्या मॉडेलांचे अपूर्णांकी उत्तर आवाक्यात आणले. त्यावरून प्रत्येक ब्लॉकचे ‘सरासरी वर्ष’ काढून त्या क्रमाने क्षमता भरत गेले की चांगले पूर्णांकी वेळापत्रक मिळते.

अपूर्णांकी उत्तराचा मोठा उपयोग असा की ते कमाल मर्यादा सांगते. यापेक्षा जास्त नफा कोणत्याही वेळापत्रकात शक्य नाही. जेनेटिक अल्गोरिदम, सिम्युलेटेड अ‍ॅनिलिंग, टॅबू शोध यांना अशी मर्यादा स्वतःहून सांगता येत नाही. कोणी अशा प्रोग्रॅमची विक्री करायला आले तर एकच विचारा: कमाल मर्यादेपासून किती टक्के खाली आहात? आठ टक्के सुधारणा झाली म्हणतात ती बहुधा त्यांच्याच आधीच्या रनच्या तुलनेत असते. मात्र साठ्यांत मिसळणारा माल, प्लँटची ग्रेडनुसार बदलणारी वसुली, शिवाय ग्रेडची अनिश्चितता हे सगळे एकत्र आले की गणित सरळ रेषेत राहत नाही, आणि तिथे या शोध-पद्धती खऱ्या कामाच्या. मॅकगिल विद्यापीठात दिमित्राकोपूलोस यांच्या गटाने ओरच्या एका नकाशाऐवजी अनेक संभाव्य नकाशे एकत्र घेऊन वेळापत्रक काढण्यावर बरेच काम केले आहे.

अनिश्चितता हा मुद्दा सॉफ्टवेअर घेतानाच लक्षात ठेवा. बोअरहोल १०० मीटरवर आणि ब्लॉक ५ मीटरचे, असे मॉडेल नेहमी दिसते. शेजारच्या ब्लॉकांतला फरक तिथे मोजलेला नसतो, गणिताने भरलेला असतो. ऑप्टिमायझर नेमके चुकून जास्त दाखवलेले ब्लॉक आधी उचलतो, म्हणून पहिल्याच वर्षी प्लँटला येणारी ग्रेड योजनेपेक्षा कमी भरते. दर तिमाहीला ब्लास्टहोलचे नमुने आणि मॉडेल यांचा ताळा घ्या. सलग दोन तिमाहींत एकाच दिशेने फरक आला तर वेळापत्रक पुन्हा चालवू नका, आधी मॉडेल दुरुस्त करा.

रॉयल्टी आणि लिलावाचा प्रीमियम खर्चात धरायचा की किमतीत?
– एक वाचक, गडचिरोली

किमतीत. लोहखनिजावर रॉयल्टी सरासरी विक्री किमतीच्या १५ टक्के. जिल्हा खनिज प्रतिष्ठानची वर्गणी त्या रॉयल्टीवर मोजली जाते आणि लिलावाचा प्रीमियम पुन्हा विक्री किमतीवर. ही सारी पाठवलेल्या मालावर, त्याच्या ग्रेडनुसार लागते, दगडावर नाही. टनामागे सरसकट खोदाई खर्चात मिळवली तर दगड महाग दिसतो, खड्डा विनाकारण उथळ होतो आणि कमी ग्रेडचा माल आहे त्यापेक्षा फायद्याचा भासतो. जाहीर सरासरी किंमत ग्रेडच्या पट्ट्यांप्रमाणे बदलते, त्यामुळे पट्ट्याच्या काठावरच्या ब्लॉकांची किंमत एकदम उडी मारते. काठावर असे ब्लॉक फार असतील तर त्यांना एकेकटी किंमत न देता मिश्रणाची अट वेळापत्रकातच टाका.